दगडूच्या पोटात पाणी न्हवतं

घरातनं निघताना बायकोनं पिशवीत चार भाकरी, शेंगाची चटणी आन एक कांदा टाकला. दोन वर्सं झाली, ती माझ्यासंगं कामापुरतंच बोलती. पाणी काढलंय, शेरडं सोडा, एवढंच. त्या सकाळी मातर पिशवी माझ्या हातात देऊन ती दारातच हुबी ऱ्हायली.

"तितं पाण्यातलं शिकल्यालं माणसं असतील," ती म्हणली. "त्यास्नी इचारा. दगडूच्या पोटात पाणी न्हवतं, तर तो गेला कशानं? काय सांगतील ते तसंच मला येऊन सांगा. तुमची गंमत त्यात घालू नका."

गंमत घालणं हा माझा जुना रोग हाय. शाळेत मी गेलो ते फकस्त सुकडी खायला. सुकडी संपली, शाळा संपली. मंग धंदा काय, तर इहिरीत पडल्यालं काढायचं. बादली पडली, मोटार पडली, बोलवा निवर्तीला. फुटबॉलात (पायपाच्या तळाच्या झडपंत) गाळ अडकला, बोलवा निवर्तीला. माणूस पडला तरी मलाच. पाच-सहा परस (उभ्या माणसाएवढ्या खोलीला आमी परस म्हणतो) पाण्यात एका दमात खाली आन वर. पंचक्रोशीत माझ्याएवढा दम कुणाचा न्हाई, आसं मीच सगळ्यांला सांगायचो. अकलीचं कुणी इचारलं न्हाई म्हणून तिचं माप निघालं न्हाई.

दगडू माझा मेहुणा, बायकोच्या पाठीवरचा. मला दाजी म्हणायचा आन माझ्या मागं-मागं फिरायचा. त्याला हा धंदा म्याच शिकवला. सात परस पाण्याची एक इहीर व्हती, तितं नुसत्या दमावर काम व्हईना. मंग म्या डोकं लढवलं. इहीर फोडायचा ट्रॅक्टर असतो ना, दगडाला भोकं पाडायचा, त्येच्यावर हवेचा कंप्रेसर असतो. त्येचा पाइप दातात धरायचा आन खाली बसून दम घेत काम करायचं. मासा झाल्यावाणी वाटतंय. दगडूला म्या सांगितलं व्हतं, हवा बंद पडली तर भ्यायचं न्हाई. छाती भरून दम धरायचा, तोंड मिटायचं, दोरी दोनदा हलवायची. काय बी झालं तरी दम सोडायचा न्हाई. पुढचं मी बघतो.

दोन वर्सामागं दगडू खाली असताना ट्रॅक्टर बंद पडला. दोरी दोनदा हलली. म्या आन मालकानं आशी वढली की हाताची सालं निघाली. दगडू भप्कन वर आला, गाल फुगल्याले, डोळे मोठे. कठड्याला धरून दम सोडला आन हसला. म्हणला, "दाजी, धरला का न्हाई दम?" आन तोंडाला तांबडा फेस आला. मंग काय बोललाच न्हाई. आमी त्याला पालथा घातला, पोट दाबलं, पाठ दाबली. पाण्याचा थेंब निघाला न्हाई. कुणी म्हणलं हार्ट, कुणी म्हणलं इहिरीतल्या आसरांनी नेला. कागदावर बुडून लिव्हलं. त्येच्या बहिणीनं त्येचं कोरडं पोट हातानं चाचपलं व्हतं. तिला कागद पटला न्हाई.

मला बोलावणं आलं ते तहसीलातनं. पाण्यात बुडल्यालं माणूस काढायला तालुक्या-तालुक्यातनं पवणारे गडी पायजेत, त्यास्नी मांजरा धरणावर चार दिस पाण्याखाली जायचं शिकवणार, आसं तलाठ्यानं सांगितलं. बीडच्या माणसाला पाण्याखाली ऱ्हायचं शिकवणं म्हंजी टकल्याला भांग पाडायचं शिकवणं. पण जेवण फुकट व्हतं. आन बायको दारात हुबी व्हती.

घाटनांदूरहून अंबाजोगाईला आलो, तितनं कळंबची गाडी धरली. शेजारी एक म्हातारा बसलता, मांडीवर कोंबडा घेऊन. कुठं चालला इचारलं. पवायला शिकाय चाललोय म्हणलं. त्यानं माझ्या पांढऱ्या मिशीकडं बघितलं, कोंबड्याकडं बघितलं आन त्यालाच म्हणला, "आपण उगं न्हाई बाबा बोलायचं." गाडी हसली. मी बी हसलो. खिडकीतनं तुरी दिसत व्हत्या, हरभरा नुकता वर आलता. प्रत्येक रानात एक इहीर. मी इहिरीच मोजत बसलो. म्या उतरल्याल्या नऊ निघाल्या.

युसूफ वडगावला उतरून भजी खाल्ली. तितंच माझा जोडीदार भेटला, गफूर. वडगावात मोटारी भरायचं (जळक्या मोटारीला नवी तार गुंडाळायचं) दुकान हाय त्येचं. माझ्यावाणीच बोलावल्याला. आमी वडापच्या जीपमदी मागं लोंबकळत धरणाकडं निघालो. चढ संपला आन पाणी दिसलं. औंदा धरण काठोकाठ व्हतं. निळं, थंड, पार पल्याडच्या गावापस्तोर. गफूर म्हणला, "काय बे, येवढं पाणी आन आपून दोघं." दुसरं कुणी आसं पाणी बघून खूस झालं असतं. मला पाणी दिसलं की दगडूचे गाल दिसत्यात.

शिकवणारी बाई कोकणातली, गिरकर मॅडम. तिशीच्या आत-बाहेर, उन्हानं रापल्याली, आवाज बारीक पण कुणाच्या बापाला न भिणारा. पत्र्याच्या शेडात आमी दहा-बारा गडी मांडी घालून बसलो. तिनं फळ्यावर काय लिव्हलं ते मला वाचता येईना, म्हणून मी मान हालवली. मंग ती बोलली.

"पहिला नियम. पाण्याखाली हवा घेत असाल तर श्वास कधीही रोखायचा नाही. बाकी सगळं विसरलात तरी चालेल."

मी उठून हुबा ऱ्हायलो. म्हणलो, मॅडम, दम धरणं हीच तर आमची इद्या हाय, तीच सोडली तर आमी इतं भाकरी थापायला आलोत का. सगळे हसले. ती बी हसली. म्हणली, काका, वरून दम घेऊन खाली जाता तेव्हा धरा, खाली गेल्यावर घेतलेला धरायचा नाही, तिसऱ्या दिवशी दाखवते. मी खाली बसलो. हसू तोंडावर तसंच ठिवलं. सुट्टी झाल्यावर बायकोनं दिल्याली भाकरी काढून खाल्ली.

दुपारी प्लॅन शिकवला. पाण्यात उतरायच्या आदी काठावर बसून ठरवायचं. किती खोल, किती येळ, संगं कोण. पाठीवरच्या टाकीतली हवा किती उरली की माघारी फिरायचं. जोडीदार दिसंना झाला तर एक मिनिट हुडकायचं आन वर यायचं. दोघांत ज्येच्याकडं हवा कमी, प्लॅन त्येच्या हवेवर. आन उतरायच्या आदी एकमेकाचं सामान हातानं तपासायचं, सोताचं न्हाई, दुसऱ्याचं. मॅडमनं आमाला इचारलं, तुमचा प्लॅन काय असतो? गफूरनं माझ्याकडं बोट केलं. म्या खरं सांगितलं. आदी नारळ फोडायचा. मंग तंबाखू. मंग मालकासंगं कोंबडी का मटण ते ठरवायचं. मंग उडी. शेडात हसून-हसून लोकं लोळले. मॅडम हसली न्हाई, तिनं वहीत कायतरी लिव्हलं.

दुसऱ्या दिशी कमरंएवढ्या पाण्यात उतरवलं. रबराचा ड्रेस म्या उलटा घातला, चेन पुढं घेऊन. त्यात लघवीला लागली तर काय करायचं ते कुणी सांगितलं न्हाई, मी माझा प्लॅन केला. पायातल्या फावड्यावाणी पट्ट्या घालून काठावरनं चालताना मॅडमच्या चहाच्या थर्मासवर पडलो. येवढं झालं तरी खरी अडचण मिशीची निघाली. डोळ्यावरच्या काचेत मिशीतनं पाणी घुसायचं. मॅडमनं व्हॅसलीन चोपडून बघितलं. मी तेलातल्या उंदरावाणी दिसाय लागलो, पाणी तरी यायचंच. ती म्हणली, काका, मिशी काढून टाका.

तिला काय ठावं. आमच्याकडं बाप मेल्याबिगर मिशीला वस्तरा लावत न्हाईत. माझा बाप जिता हाय, ओट्यावर बसून सगळ्यांला शिव्या देतोय. तिला म्हणलो, मॅडम, मिशी काढून घरी गेलो तर बापच मला वर पाठवील. मंग ती म्हणली, ठीक, काचेत पाणी आलं तर नाकातून हवा सोडून बाहेर कसं काढायचं ते शिका. ते शिकलो. पाणी भरू द्यायचं, वर बघायचं, नाकातनं फुकायचं. दिसभर तेच. रातच्याला जेवणात वरण-भात आन धरणातला मासा व्हता. गफूरनं माझ्या ताटातला मासा बी खाल्ला. मला जात न्हवता.

तिसऱ्या दिशी दहा मीटर. म्या मनात परस मोजले, सहा भरले. काठावर मॅडमनं प्लॅन सांगितला, आमी तिला माघारी म्हणून दाखवला. तिच्या हातात दुधाच्या पिशवीवाणी एक पातळ पिशवी व्हती. कशाला ते सांगितलं न्हाई. गफूरनं माझं सामान तपासलं, म्या त्येचं. दोरीला धरून खाली गेलो.

खाली हिरवा अंधार व्हता. गाळावर गुडघे टेकले. मला कसं वाटलं सांगू, घरी आल्यावाणी. हीच थंडी, हाच कानातला दाब, हाच सोताच्या दमाचा आवाज. दगडू बी आसाच बसला असंल, फुटबॉलातला गाळ बोटानं काढत. मॅडमनं तोंडातली नळी काढली, त्या पिशवीत हवा सोडली, निम्म्याच्या वर जराशी. तोंडाला गाठ मारली. पिशवी ढिल्ली व्हती, म्हातारीच्या गालावाणी. ती पिशवी हातात धरून तिनं वर चला अशी खूण केली.

हळू चाललो. आपल्याच बारक्यात बारक्या बुडबुड्याच्या पुढं जायचं न्हाई, आसा नियम हाय. पिशवी माझ्या तोंडाम्होरं व्हती. तिच्यात कुणी काय घातलं न्हाई, कुणी फुकलं न्हाई, तरी ती फुगत चालली. सुरकुत्या गेल्या. पाच मीटरला आमी थांबलो. तितं तीन मिनिटं थांबायचंच असतंय, अंगाला वर यायची सवय व्हावी म्हणून. तीन मिनिटं मी त्या पिशवीकडं बघत दोरीला लटकून ऱ्हायलो. ती ताठ झालती. गाल फुगल्याले.

मंग वर निघालो. एक परस ऱ्हायला आन ती फाटली. आवाज सुदीक लई झाला न्हाई. नुसतं फट. हवा निघून गेली आन मॅडमच्या हातात चिंधी ऱ्हायली.

माझ्या काचेत पाणी भरलं. शिकवल्यावाणी वर बघून नाकातनं फुकलं, तरी भरलं. काठावर आल्यावर गफूरनं इचारलं तर म्हणलं, मिशीतनं आलं.

सगळे चहाला गेल्यावर मी मॅडमजवळ गेलो. ती टाक्या धूत व्हती. म्या तिला सगळं सांगितलं, ट्रॅक्टर, पाइप, दोरी, फेस. ती धुवायची थांबली. तिनं दोनच गोष्टी इचारल्या. वर येताना तोंड मिटलेलं होतं का? आन वर येऊन बोलला का? दोन्हीला हो म्हणलो. तिनं हात पुसले. मंग म्हणली, बघितल्याशिवाय मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, पण असंच होतं. खाली घेतलेली हवा वर येताना वाढते. सोडली नाही तर फुफ्फुस फाटतं. पोटात पाणी नसतं. त्या कंप्रेसरची हवा मुळात माणसानं घ्यायचीच नसते, आणि तुम्ही ओढलंही फार जोरात. पण त्यानं वर येताना श्वास सोडला असता, तर बहुतेक वाचला असता.

"काका, तुम्हाला माहीत नव्हतं," ती म्हणली.

"ठावं न्हवतं, हे खरं हाय," म्हणलो. "पण ठावं नसताना म्या शिकवलं."

तिनं माझ्या हातात कपडा दिला. दोघांनी मिळून टाक्या पुसल्या.

मी लई इचार करणारा माणूस न्हाई, पण त्या दिशी येक गोष्ट डोक्यातनं जाईना. मॅडमला म्या सांगितलं व्हतं, आमचा प्लॅन म्हंजी नारळ आन कोंबडी. ते खोटं व्हतं. हवा बंद पडली तर काय, ह्येचा प्लॅन म्या दगडूला दिलता. चांगला घोकून घेतलता. प्लॅन नसता तर बरं झालं असतं. कुणी बी अडाणी गडी भिऊन बोंबलत वर आला असता आन बोंबलला म्हणून जगला असता. दगडू शाना व्हता. त्यानं प्लॅन पाळला.

चौथ्या दिशी आमाला कार्ड दिलं. तेवढ्यानं धरणात माणूस काढायला एकट्यानं जायचं न्हाई, आजूक शिकावं लागतंय, आसं मॅडमनं दोनदा बजावलं. सही येत न्हाई म्हणून म्या अंगठा दिला. ती निघताना म्हणली, काका, तुमच्या भागात पाइप तोंडात धरून जे उतरतात त्यांना सांगा. म्हणलं सांगतो. कोण ऐकणार? ज्येला सगळे हसत्यात त्येचं?

वडगावला गफूर म्हणला, चल बे, चहा पिऊ. मी म्हणलं, तू घे, मला न्हाव्याकडं जायचंय. स्टँडच्या मागं एक खोकं व्हतं. खुर्चीत बसलो आन म्हणलो, मिशी काढ. न्हाव्याचा हात थांबला. कोण गेलं, त्यानं इचारलं. मेहुणा, म्हणलं. तो म्हणला, मेहुण्यापायी कुणी मिशी काढतंय का मामा? म्हणलं, तू काढ. त्यानं काढली. आरशात एक वांग्याएवढं तोंड दिसलं. एरवी मी त्येच्यावर तासभर हसवलं असतं लोकांला.

त्या मिशीपायी वाटंनं लई हाल झाले. कळंबहून येणाऱ्या गाडीत एका बाईनं मला जागा दिली. अंबाजोगाईच्या स्टँडवर एक वळखीचा भेटला, त्यानं गळ्यात पडून सांगितलं, म्हातारा लई भला माणूस व्हता. म्हणलं, हाय आजूक. त्याला वाटलं दुःखानं डोकं फिरलं, त्यानं मला केळी घेऊन दिली. गावात शिरलो तर बाप ओट्यावर बसल्याला. त्यानं मला खालपासनं वरपस्तोर बघितलं. म्हणला, "कावून रं? मी तर जिता हाय." मी त्येच्या पाया पडलो. आयुष्यात पहिल्यांदा म्हाताऱ्याला शिवी सुचली न्हाई.

बायको दारात आली. माझं तोंड बघितलं आन चौकटीला धरलं.

"कोण गेलं?"

"दगडू," म्हणलो.

ती खाली बसली. मी बी बसलो. तिला सगळं सांगितलं, पिशवी निम्मी भरलती ते, फुगली ते, फाटली ते. दम धर म्हणून म्या शिकवलं व्हतं ते. वढला बी म्याच ते. तिनं सांगितल्यावाणी गंमत घातली न्हाई. तसं सांगायची सवय न्हाई, म्हणून चार-पाच जागी अडलो. ती मला बघत न्हवती, हातातल्या सुपाकडं बघत व्हती.

"मंग वर येताना काय करायचं असतंय?" तिनं इचारलं.

"दम सोडत यायचं. हळू."

"येवढंच?"

"येवढंच."

ती उठली आन सूप घेऊन आत गेली.  मला वाटलं व्हतं बोलंल.

लोकं इचारत्यात, धरणावर काय बघितलं निवर्ती, सांग की. मी थर्मासवर पडल्यालं सांगतो, उलट्या ड्रेसचं सांगतो, केळ्याचं सांगतो, लोकं हसत्यात. मंग पाइपाचं सांगाय लागलो की म्हणत्यात, आता पुढची गंमत काय? मिशी परत आली, आदीपेक्षा पांढरी. इहिरीत आता मी उतरत न्हाई. मोटार पडली म्हणून कुणी आलं तर गळ टाकून काढा म्हणतो आन काठावर बसतो.

आन घरात येक नवंच झालंय. बायको चुलीम्होरं बसल्याली असती. भाकरी तव्यावर टाकली की ती छाती भरून दम घेती आन तोंड मिटून धरती. धरून ठिवती, धरून ठिवती, गाल फुगूस्तोवर. मंग हळूहळू सोडती आन भाकरी उलटती. भाकरी तवर करपल्याली असती. मी ती तशीच खातो.